भाड्याच्या घरात खोल्यांची वाटणी : जोडपी, एकटे आणि तो एक सोफा

उंबरठा
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय.

आम्ही आठ जण सुट्टीला एक अख्खं घर आठवडाभरासाठी भाड्याने घेतोय. तीन जोडपी आणि दोघी मैत्रिणी, दोघी एकेकट्या येणाऱ्या. जाहिरातीत "४ बेडरूम, ८ जणांची सोय" असं आहे. फोटो नीट पाहिल्यावर चित्र असं दिसतं : पहिली खोली प्रशस्त, आतच बाथरूम. दुसरीत डबलबेड, पण खोली त्या बेडपुरतीच. तिसरीत दोन सिंगल बेड. आणि चौथी 'बेडरूम' म्हणजे हॉलवरचा माळा. शिडीवजा जिना, दोन गाद्या, दार नाही. शिवाय हॉलमध्ये एक सोफा-कम-बेड आहे, तो मोजणीत धरलेला नाही.

ज्या जोडप्याने घर शोधलं त्यांचं म्हणणं, शोधाशोध आम्ही केली तर पहिली खोली आमची. भाड्याचे मात्र आठ सारखे भाग. दोघी मैत्रिणींना न विचारताच माळ्यावर टाकून झालंय. अजून कोणी काही बोललेलं नाही, पण ग्रुपवर एकदम सामसूम झालीये आणि ती मला बरी वाटत नाही. तुमच्याकडे कसं ठरवतात?

मोजपट्टी
भाड्याचं नंतर बघू. आधी मालकाला प्रत्येक बेडची लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये विचारा. नुसत्या 'डबल', 'क्वीन', 'किंग' वर जाऊ नका, देशागणिक मापं बदलतात.

अमेरिकेत डबल म्हणजे ५४ बाय ७५ इंच. दोघांत वाटा, माणशी २७ इंच आले. तिथल्या तान्ह्या बाळाच्या पाळण्यातली गादी साधारण तेवढीच रुंद असते. क्वीन ६० बाय ८०, किंग ७६ बाय ८०. ब्रिटनमधला डबल १३५ बाय १९० सेंटीमीटर आणि तिथला किंग १५० बाय २००, म्हणजे अमेरिकन क्वीनपेक्षाही किंचित अरुंद! युरोपात इतरत्र सरळ १४०, १६०, १८० असं लिहितात, लांबी बहुतेक २००.

रुंदीवरून सगळे भांडतात, लांबी कोणी विचारत नाही. सहा फुटी माणूस १८३ सेंटीमीटर भरतो. १९० च्या बेडवर उशी थोडी खाली सरकली की पाय बाहेर. त्यात पायथ्याला लाकडी फळी असेल तर पाय बाहेरही काढता येत नाहीत, आठवडाभर तिरकं झोपायचं. तिरक्या माणसाशेजारी दुसऱ्याने कुठे झोपायचं ते तुम्हीच ठरवा.

काडीपेटी
लग्न ठरवताना कुंडली बघतात, तुम्ही गादी बघितली असणार :फिदी:
अहो, सुट्टीला जाताय ना? दिवसभर भटकून आल्यावर जमिनीवरही झोप लागते. पंचविशीत सतरंजीवर ओळीने झोपायचो की सगळे.

मोजपट्टी
काडीपेटी, पंचविशीत पाठही पंचविशीतली होती.

रात्रपाळी
उंबरठा, मालकाचं उत्तर येईपर्यंत फोटोवरून बरंच काढता येतं. खोलीच्या आकारावर विश्वास ठेवू नका, वाइड अँगल लेन्सने कपाटाचाही दिवाणखाना होतो. उशा बघा. अमेरिकन साधी उशी २६ इंच लांब. दोन उशा शेजारीशेजारी ठेवून बेड जवळजवळ भरला असेल तर तो ५४ इंची. मध्ये आणि कडेला मिळून वीतभर जागा उरत असेल तर क्वीन. तिसरी उशी जवळपास मावेल एवढी जागा दिसली तर किंग. ब्रिटिश उशी ७५ सेंटीमीटरची, त्यामुळे तिथल्या १३५ च्या बेडवर दोन उशा एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

मग बेड भिंतीला चिकटवलाय का ते बघा. जोडप्यासाठी हा सगळ्यात वाईट प्रकार. आतल्या बाजूच्या माणसाला रात्री उठायचं तर बाहेरच्याला ओलांडून. आठवड्यात रोज एकदा जरी उठावं लागलं तरी पुरे. खोलीत दिवा एकच आणि तोही एकाच बाजूला असेल तर मालकाने दुसऱ्या माणसाचा विचारच केलेला नाही, हे समजून जा.

आणि "८ जणांची सोय" म्हणजे आठ धड अंथरुणं असं कुठे लिहिलंय? काही मालक सोफाही मोजतात, तुमच्या मालकाने माळा मोजलाय. एअरबीएनबीवर प्रत्येक खोलीत कोणता बेड आहे ते वेगळं दाखवतात, डोक्यांची संख्या सोडून तो भाग वाचायचा. रच्याकने, त्या कंपनीची सुरुवातच २००७ मध्ये हॉलमध्ये तीन हवेच्या गाद्या टाकून झाली होती. त्यामुळे पाहुणे कुठेही मावतात हा आशावाद त्या धंद्याच्या पायातच आहे म्हणा ना.

एकटा_जीव
मला त्या दोघींबद्दल बोलायचंय.

जोडप्यांना खोली आणि एकट्याला उरलेलं, हा नियम कोणी केला? मी बहुतेक सगळ्या ग्रुपमध्ये एकटाच असतो, त्यामुळे सोफा माझ्या नावावर लिहूनच ठेवलेला असतो. हॉलमधल्या सोफ्यावर झोपणारा माणूस सगळ्यांत शेवटी झोपतो, कारण गप्पा त्याच्याच अंथरुणावर बसून चाललेल्या असतात. सगळ्यांत आधी उठतो, कारण पहाटे कोणाला तरी पाणी प्यायचं असतं. त्याला दार नाही, कपाट नाही, बॅग सोफ्यामागे, कपडे बदलायला बाथरूम. आणि त्या सोफा-कम-बेडची गादी चार-पाच इंचांची. कुशी बदलली की मधला आडवा दांडा बरोबर कमरेत. बऱ्याच सोफ्यांच्या गाद्या ७२ इंचांवर संपतात, म्हणजे मोजपट्टींच्या सहा फुटी माणसाच्या टाळूपासून टाचेपर्यंत नेमकं माप, वर एक बोट जागा नाही.

आणि भाडं? सगळ्यांएवढंच. "आपल्यात कसला हिशोब" हे वाक्य मी आजवर नेहमी दार असलेल्या खोलीतल्या माणसाकडूनच ऐकलंय.

गच्चीवरची
एकटा_जीव +१. लग्न न झालेल्या माणसाच्या पाठीला वेगळे मणके असतात असा काहींचा समज आहे.

चादरमोड
थोडी दुसरी बाजू मांडते, दिवे घ्या. माणशी हिशोब केला तर आम्ही दोघं मिळून एका खोलीचे दोन वाटे देतो. एकट्या माणसाला स्वतंत्र खोली मिळाली तर तो एकाच वाट्यात अख्खी खोली वापरतो, तेव्हा जोडप्यांनी काय म्हणायचं? एका घरी अगदी हेच झालं होतं. आम्ही दोघं १३५ च्या बेडवर कोपराला कोपर लावून आणि शेजारच्या खोलीत एक जण किंग बेडवर नक्षत्रासारखा पसरलेला. त्याचा दोष नव्हता, चिठ्ठीत नाव आलं होतं त्याचं. पण भाडं आम्ही दुप्पट दिलं.

म्हणून माणशीही नको आणि खोलीगणिक सरसकटही नको. खोली बघून भाव हवा.

गणितबाई
चादरमोड, तुम्ही जे म्हणताय त्यावर गणितात चक्क काम झालेलं आहे. फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९ मध्ये 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त 'रेंटल हार्मनी' नावाचा लेख लिहिला. काही साध्या अटी पाळल्या तर एकूण भाडं खोल्यांवर असं वाटता येतं की प्रत्येकाला त्या भावात आपलीच खोली सगळ्यात पसंत पडेल, शेजाऱ्याच्या खोलीचा हेवा वाटणार नाही, हे त्यात सिद्ध केलंय. आधार स्पर्नर या गणितज्ञाच्या १९२८ च्या लेमाचा, म्हणजे सहायक प्रमेयाचा. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लोकांनी अशा वाटणीसाठी 'स्प्लिडिट' नावाची वेबसाइटही काढली होती.

घरी करायचं तर सोपं आहे. पूर्ण भाडं १०० भाग धरा. तीन जोडपी आणि त्या दोघी, असे चार गट. प्रत्येक गटाने गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं की कोणती खोली आपल्याला किती भागांची वाटते. चारही आकड्यांची बेरीज १०० आलीच पाहिजे. समजा चिठ्ठ्या अशा निघाल्या (क्रम : मोठी खोली, डबलबेड, दोन सिंगल, माळा) :

पहिलं जोडपं : ४०, २५, २०, १५
दुसरं : ३४, ३०, २२, १४
तिसरं : ३०, २६, २८, १६
त्या दोघी : २८, २२, ३०, २०

आता एकूण किंमत जास्तीत जास्त होईल अशी वाटणी शोधा. मोठी खोली पहिल्यांना, डबलबेड दुसऱ्यांना, दोन सिंगल तिसऱ्यांना, माळा दोघींना. ४०, ३०, २८, २० मिळून ११८. भाडं तर १००च द्यायचंय, म्हणजे सगळ्यांना सवलत मिळणार. भाव ३७, २६, २४ आणि १३ असे लावा. दोघींना दोन सिंगलची खोली जास्त आवडते हे चिठ्ठीत दिसतंय. पण ३० ची वाटणारी ती खोली २४ ला पडते, ६ चा फायदा. २० चा वाटणारा माळा १३ ला पडतो, ७ चा फायदा. म्हणून त्या माळा घेतील, आणि राजीखुशीने घेतील. बाकीच्यांचंही ताडून बघा, कोणालाच अदलाबदल करावीशी वाटणार नाही.

सारखे वाटे केले असते तर त्याच दोघींनी दार नसलेल्या माळ्याचे २५ भाग दिले असते. ग्रुपवरची सामसूम या बारा भागांची आहे.

काडीपेटी
सुट्टीला चाललेत की आयकर भरायला? चार खोल्या वाटायला स्पर्नर नावाचा माणूस कबरीतून उठवला!

गणितबाई
तुमच्यासाठी छोटी आवृत्ती आहे काडीपेटी. दोनच खोल्या, दोनच जोडपी. एकाने दोन्हींचे भाव लावायचे, दुसऱ्याने खोली निवडायची. भाव लावणारा आपोआप प्रामाणिक होतो. स्पर्नरसाहेब झोपू देत.

घोरासुर
आयडीवरून कळलंच असेल. आम्ही नवराबायको घरीही वेगळ्या खोल्यांत झोपतो आणि आमचं उत्तम चाललंय. भाड्याच्या घरात मात्र सगळे प्रेमाने आम्हाला 'मस्त डबलबेडवाली' खोली देऊ करतात आणि बायको रात्रभर छताकडे बघत पडून असते. उंबरठाताई, तुमच्या तिसऱ्या खोलीला कमी लेखू नका. दोन सिंगल बेड ही काही जोडप्यांची पहिली पसंती असते, फक्त चारचौघांत बोलत नाहीत. गणितबाईंच्या चिठ्ठीतलं तिसरं जोडपं आमच्यासारखंच कोणीतरी आहे.

घोरण्याबद्दल एक. सुट्टीत ते वाढतं. उताणं झोपलं की जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे पडतो, दारू पोटात गेली की घशाचे स्नायू आणखी सैल होतात. अरुंद बेडवर धक्का लागू नये म्हणून माणूस उताणाच झोपतो, म्हणजे सगळं जुळूनच येतं. सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा सोडणारं) वापरणाऱ्यांनी बेडजवळ प्लग आहे का हे आधीच विचारावं. बहुतेक ठिकाणी तो कपाटामागे सापडतो, तेव्हा एक्स्टेंशन जवळ ठेवा.

निद्रानाशिका
दोन सिंगल जोडून एक करणार असाल तर मधल्या फटीचं काय करता? आमच्यात दरवेळी एक जण पहाटे त्या खिंडीत सापडतो.

घोरासुर
फट आपोआप पडत नाही, बेड सरकतात म्हणून पडते. बेडच्या पायांना चाकं असतील तर जोडायचा नाद सोडा. नसतील तर दोन्ही गाद्यांची उंची आधी बघा. बोटभर फरक असला तरी मध्ये पायरी लागते आणि त्यावर उपाय नाही. उंची सारखी असेल तर गाद्यांभोवती एक लांब पट्टा आवळायचा, सामान बांधायचा चालतो. फटीत भरायला टी आकाराचा फोम मिळतो, तो नसेल तर रजई लांबट गुंडाळून दाबून बसवा. मग डबल चादर आडवी अंथरायची, म्हणजे तिची लांब बाजू दोन्ही बेडवरून जाते आणि दोन्हीकडे खोचायला पुरते.

अमेरिकेत ट्विन एक्सएल नावाचा सिंगल असतो, ३८ बाय ८० इंच. दोन जोडले की बरोबर किंग. ब्रिटनमध्ये चेनने जोडता येणाऱ्या गाद्या असतात, झिप अँड लिंक म्हणतात. मालकाला विचारा, तुमच्या नशिबात असतील तर खोली हवी तशी लावून देतील. पांघरुणं मात्र दोन घ्या. ओढाताण गादीवरून कमी आणि रजईवरून जास्त होते.

पायउतार
माळ्याबद्दल कोणीच बोललं नाही. गरम हवा वर जाते, त्यामुळे खाली आल्हाददायक असलं तरी माळ्यावर उकडतं. खाली टीव्ही चालू असेल तर आवाज थेट वर. रात्री बाथरूमला जायचं म्हणजे झोपेत शिडी उतरायची, उलट्या तोंडाने. गुडघे कुरकुरणाऱ्या कोणालाही तिथे पाठवू नका. लहान मुलं असतील तर त्यांनाही नाही. दुमजली बेडवरही सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बर्थवर झोपवू नये म्हणतात, माळ्याला तर कठडा नीट आहे का तेच आधी बघायला हवं.

आमच्याबरोबर सासू-सासरे असतात. तेही जोडपंच आहे, हे आमच्यातल्या तरुण मंडळींना सांगावं लागतं. "आईंना मुलांच्या खोलीत झोपवू, बाबा हॉलमध्ये झोपतील" असं सहज ठरवून टाकतात. बाबा काही बोलत नाहीत, पण संध्याकाळपासून त्यांचं तोंड बघवत नाही. बाथरूमला लागून असलेली, पायरी नसलेली, फार खाली न जाणाऱ्या बेडची खोली त्यांची. हे आमच्याकडे चिठ्ठीबाहेर ठरतं, त्याचा लिलाव नाही.

चादरमोड
पायउतार, शेवटच्या वाक्याला शंभर मोदक. (चिठ्ठी टाकायच्या आधी काही गोष्टी बाजूला काढाव्याच लागतात. गरोदर असेल कोणी, तान्हं बाळ असेल, पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल.)

गच्चीवरची
अजून एक नाजूक मुद्दा. ग्रुपमध्ये अलीकडेच एकत्र आलेलं जोडपं असेल तर त्यांना एका बेडवर गृहीत धरू नका. दोघांनाही वेगवेगळं विचारा, फोनवर, ग्रुपवर नाही. "तुला कुठे झोपायला आवडेल" एवढंच. कोणी वेगळी खोली मागितली तर कारण विचारायचं नाही आणि त्यावर विनोद करायचा नाही. आमच्या ग्रुपमध्ये असा एक विनोद झाला होता. ती मुलगी नंतर आमच्याबरोबर आली नाही.

आणि आतून कडी आहे का ते बघा. फोटोत कधीच दिसत नाही. सरकतं दार असेल तर नक्की विचारा.

काडीपेटी
हे मात्र पटलं. कडीचं आणि त्याआधीचंही.

उंबरठा
सगळ्यांचे आभार, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. मालकाचं उत्तर आलं. पहिल्या खोलीत १८० चा बेड. दुसरीतला १३५ चा आणि भिंतीला लागून (रात्रपाळी, तुमच्या पायांचा फोटो पाठवा!). तिसरीत झिप अँड लिंक निघाले, आधी सांगितलं तर जोडून देतात. माळ्याला कठडा आहे, दार नाही, एक छोटी खिडकी उघडते.

आठवड्याच्या मध्यावर खोल्या बदलायच्या अशी एक सूचना ग्रुपवर आलीये. कोणी केलंय?

रात्रपाळी
करू नका. चादरी, उशांचे अभ्रे सगळं बदलायला लागतं, मालक जास्तीचा संच देतोच असं नाही. सुट्टीतली अख्खी सकाळ बॅगा इकडून तिकडे करण्यात जाते आणि कोणाचा तरी चार्जर जुन्या खोलीतच राहतो. दोन-तीन आठवडे राहणार असाल तर ठीक.

गणितबाई
चिठ्ठ्या काढणार असाल तर मापं सगळ्यांना आधी कळवा आणि सगळ्या चिठ्ठ्या एकाच वेळी उघडा. एकाची बघून दुसऱ्याने लिहिली की गंमत गेली.

उंबरठा
काढल्या. काल रात्री व्हिडिओ कॉलवर, सगळ्यांनी एकदम फोटो टाकले.

घर शोधणाऱ्या जोडप्याने पहिल्या खोलीला फक्त २६ लिहिले होते. सारख्या वाट्यात हवी होती, पैसे मोजून नाही! माळ्याला त्यांनी २४ दिले, बाकी कोणी १५ च्या वर गेलं नव्हतं. तेव्हा माळा त्यांना, १७ भागांत, आणि दोघंही खूश आहेत कारण पैसे वाचले. दोघी मैत्रिणींना तिसरी खोली, बेड सुटेच ठेवायचे. भिंतीलगतचा १३५ चा बेड आमच्यातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात गाढ झोपणाऱ्या जोडप्याला गेला, तोही बऱ्यापैकी स्वस्तात.

काडीपेटी
आणि पहिली खोली?

उंबरठा
आम्हाला. ३५ भाग मोजून. नवरा सहा फूट एक इंच आहे, त्यामुळे लिहिताना हात आखडला नाही.

आता माळेकरी विचारतायत की दाराच्या जागी पडदा लावता येईल का. भिंतीला खिळा मालक मारू देणार नाही.

मोजपट्टी
स्प्रिंगचा रॉड घ्या, दोन भिंतींमध्ये ताणून बसतो, खिळा लागत नाही. पण आधी माळ्याच्या तोंडाची रुंदी विचारून घ्या. दोन मीटरच्या पुढे गेली तर जाड पडद्याच्या वजनाने तो मध्ये वाकतो आणि रात्री केव्हातरी खाली येतो. पातळ कापड लावा, आणि खिडकीकडून थोडी जागा उघडी ठेवा, नाहीतर वर आणखी उकडेल.